स्टेटस का बंद केलं

प्रिय दोस्ता,

सलाम रे. "हल्ली स्टेटस दिसत नाही, धर्मबिर्म सोडला का काय?" असं विचारलंस ना, हसू आलं, पण उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही म्हणून हे लांबण.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मी रोज सकाळी सहाला स्टेटसला बायबलचं वचन टाकायचो आठवतंय ना, मागे सूर्योदय, मेंढरं वगैरे, आणि रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर. एका दिवशी मत्तय 25 टाकलं, भुकेल्याला दिलंत ते मलाच दिलंत, तेच ते. त्याच सकाळी आमच्या भांडीवाल्या मावशी चार दिवसांनी कामावर आल्या, नवऱ्याचा पाय मोडला होता, आणि मी महिन्याचा हिशोब करताना चार दिवसांचे 320 रुपये कापले. बायको नुसती बघत राहिली. मी म्हटलं हिशोब म्हणजे हिशोब. मावशींनी पैसे कनवटीला लावले आणि जाता जाता म्हणाल्या, "दादा, माझी पोरगी तुमचं स्टेटस रोज बघती, म्हनती लई चांगलं लिवत्यात."

टोमणा नव्हता रे. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

मग आजी आठवली. तुला ती माहितीच आहे, नगरला आपल्या चर्चमध्ये कायम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, तीही तिसरं गीत चालू असताना धापा टाकत यायची. पास्टरेट कमिटीतले, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे लोक कुरकुरायचे. आता ऐक, ती उशिरा का यायची ते मला ती गेल्यावर कळलं, मागच्या गल्लीतल्या त्या भांडकुदळ म्हातारीला दर रविवारी सकाळी न्हाऊ घालून यायची. ती म्हातारी ख्रिस्ती नाही, वर आजीलाच शिव्या द्यायची पाणी गार आहे म्हणून! आजीने घरात कधी कुणाला सांगितलं नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका हे बायबलचं वचन तिला वाचता येत नव्हतं, तरी.

मागच्या महिन्यात केडगावला जाऊन आलो, आपल्या नगरजवळचं नाही, दौंडकडचं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या, हे आपण चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठ केलेलं, पण तिथे उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. मुलींना छापखाना चालवायला शिकवलं, आंधळ्या मुलींना ब्रेल. आणि लगेच असं समजू नको की मी प्रार्थना सोड म्हणतोय, 1905 मध्ये त्याच मुक्तीत एवढं मोठं प्रार्थनेचं जागरण झालं की लांबलांबपर्यंत गाजलं, आणि बाई तर हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर करत बसायच्या. म्हणजे गुडघे त्यांनीही टेकलेच की. फक्त त्यांच्या गुडघ्यांना शेणामातीचीही सवय होती, माझ्या गुडघ्यांखाली उशी.

ते 320 परत दिले का? दिले, पण आठ दिवस लागले, लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर थोडा कंजूसपणापण. मावशी म्हणाल्या ऱ्हाऊ द्या दादा, ते जास्तच लागलं. आता सुट्टी पडली तर कापत नाही एवढंच, त्यात काही मोठेपणा नाही, ऑफिसात माझीपण रजा कुणी कापत नाही.

उपासनेला जातो अजून, काळजी करू नको. पहिला बाक मात्र सोडला.

आणि एक काम आहे. मावशींच्या त्याच पोरीने यंदा बारावी दिली, नर्सिंगला जायचंय म्हणते. तुझी ताई त्याच लाइनमध्ये आहे ना, कुठलं कॉलेज बरं, फॉर्म कधी सुटतात, होस्टेलचं कसं, सगळं विचारून कळव. या आठवड्यातच विचार, विसरशील नेहमीसारखा.

तुझाच

ता.क. पोरीला सांगू नको मी विचारलंय म्हणून, ताईलाच थेट बोलू दे.