मॅडम, आधी तिच्याशी बोललात म्हणून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेले की रडू फुटतं, म्हणून जाहीरच लिहितेय.

लेक कॉलेजला जाईनाशी झाली. तुमच्याआधी ज्या समुपदेशकांकडे गेलो होतो, त्यांनी पहिल्याच भेटीत तिला व्याख्यान झोडलं. 'तुझ्या वयात आम्ही' इथून सुरुवात आणि 'आईवडिलांचा विचार कर' इथे शेवट. वर तिने धीर करून जे काही सांगितलं, ते संध्याकाळी फोनवर मला जसंच्या तसं! तिला ते कळलं आणि तिने तोंडाला कुलूपच लावलं.

तुमच्याकडे तिला जवळजवळ ओढूनच आणलं होतं. मी फाइल पुढे सरकवून आमची कर्मकहाणी सुरू केली. तुम्ही मला हातानेच थांबवलंत, खुर्ची तिच्याकडे वळवलीत आणि म्हणालात, "तू इथे बोलशील ते माझ्यापाशी राहील. तुझ्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मात्र घरी सांगावं लागेल. तेही आधी तुला सांगून." मग माझ्याकडे वळून, "आई, चालेल ना?" माझा होकार तिच्यादेखत घेतलात. बस, एवढंच. पण तिने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

आत काय बोलणं होतं ते मी विचारत नाही. एक गोष्ट तिनेच आपणहून सांगितली. कॉलेजला परत जावंसं किती वाटतं, दहापैकी आकडा सांग, असं तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, तीन. आता 'तीनच?' ऐकावं लागणार, असं तिला वाटलं. तर तुमचा प्रश्न, "तीन का? एक का नाही?" झालं! कॉलेजला जायची कारणं तीच सांगायला लागली. मग मी जरा वाचलं. हा प्रश्न ज्या पद्धतीतला, ती मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्यांसाठी मांडली होती. म्हणजे हे काही गुपित नव्हे. उपदेशाचे डोस पाजणारे हे का वाचत नसावेत, देव जाणे.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. सतरा वर्षांच्या पोरीला 'तुला काय वाटतं?' असं विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसणारी फार थोडी. डिग्री कितीही मोठी असो, हा सज्जनपणा तिच्यासोबत मिळत नाही.

सध्या आठवड्यातले दोन-तीन दिवस ती कॉलेजला जाते. उरलेले दिवस माझ्याशी वाद घालते. तेही चालेल!

आपली,
एका मुलीची आई