‘बायोप्सी रिपोर्ट जोडा’ : आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

आपण कामात असाल, तरी दोन मिनिटं मागतो. पंचवटीत माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. परवा बायकोच्या ऑपरेशनची फाईल महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून परत आली. शेरा एका ओळीचा : ‘बायोप्सी रिपोर्ट जोडा.’ दवाखाना योजनेतला, रेशनकार्ड केशरी, बाकी कागद पुरे.

आता बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेली कॅन्सरची तपासणी, का नाही ते ऐका. तिचे खडे पित्ताशयात नाहीत, लिव्हरच्या आतल्या नळ्यांत आहेत, डाव्या बाजूला. वर्षानुवर्षं थंडी वाजून ताप यायचा, पोट दुखायचं, गोळ्या घेतल्या की उतरायचं. अशा खड्यांनी नळी सतत सुजत राहते आणि शंभरात दोघांपासून दहांपर्यंत लोकांना पुढे पित्तनलिकेचा कॅन्सर होतो, हे आम्हाला कधी कळलं? डोळे पिवळे झाल्यावर. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळ्यांच्या एमआरआयमध्ये, नळी आवळलेली, लिव्हरचा डावा भाग आकसलेला. रक्तातलं सीए १९-९, म्हणजे कॅन्सरचा संशय दाखवणारं माप, वाढलेलं, पण ते काविळीने आणि इन्फेक्शननेही वाढतं. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, नळीतल्या पेशी ब्रशने घेतल्या, रिपोर्ट निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर असला तरी ब्रशमध्ये तो निम्म्या वेळा सापडतच नाही. डावा भाग वेळेत काढला तरच बरं व्हायची आशा, आणि काढता येण्यासारखं असेल तर आधी बायोप्सी हवीच असं नाही. हे डॉक्टरांचं म्हणणं. योजनेचं म्हणणं वर लिहिलंच आहे.

सध्या तिच्या बरगडीखालून पित्त बाहेर काढणारी नळी घातलीय. पिशवीत शेवाळी पित्त जमतं, ते मी मापात ओतून मुलीच्या जुन्या वहीत आकडा लिहितो. खाजवून खाजवून दंड सोलून निघालेत, म्हणून रात्री ती हातात माझे मोजे घालून झोपते. सासरवाडीचे म्हणतात, कावीळ उतरवणाऱ्याकडे न्या. आधी मी चिडायचो. आता वाटतं, चुन्याच्या पाण्यात हात धुणारा तो बाबा निदान रिपोर्ट तरी मागत नाही.

साहेब, २०२३ मध्ये सरकारने दीड लाखाचं कवच ५ लाखांचं केलं. फोटोसकट बॅनर लागले, आमचेही पेढे वाटायचेच बाकी होते. ५ लाख असून मिळत नसतील तर ५० लाख जाहीर करा, तुमचं काय जातंय? राज्याच्या आरोग्य विद्यापीठाचं मुख्यालय नाशकात, आणि लिव्हरचा पेशंट मात्र कसारा घाट उतरून मुंबईत परळला. २०२७ च्या सिंहस्थाला हजारो कोटी निघतात. साधूंशी माझं भांडण नाही, त्यांना फाईल पुढे सरकवायचा काही मंत्र येत असेल तर मीही पाया पडेन. पण इथे माणूस गेला की क्वेरी, म्हणजे फाईलवरचा शेरा, आपोआप बंद होते आणि आकडेवारीत प्रकरण निकाली, हा कोणता कारभार?

मागणी एवढीच. बायोप्सी हाती लागत नसेल तिथे सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि कॅन्सरचे डॉक्टर मिळून सही करतील तो पुरावा धरा. ज्यांच्या लिव्हरमध्ये खडे सापडलेत त्यांना ‘पाणी प्या’ सांगून घरी पाठवू नका, ठरावीक काळाने सरकारी दवाखान्यात बोलावून तपासा.

आणि उत्तरात ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ असं कळवू नका. त्या विभागात मी जाऊन आलोय. तिथून मला तुम्हालाच लिहायला सांगितलं.

आपला,
पंचवटीतला एक झेरॉक्सवाला