‘कशावरून?’ हा प्रश्न कधी विचारणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी 31 वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीनंतर संध्याकाळी चार-पाच मुलांबरोबर गोष्टी वाचते. परवा त्यांना मीच लिहिलेल्या तीन ओळी दिल्या : ‘दारावर थाप पडली. तिने दिवा मालवला आणि ती भिंतीला टेकून निमूट उभी राहिली. थाप थांबल्यावरही बराच वेळ ती जागची हलली नाही.’ विचारले, दिवा का मालवला? सातवीतल्या मुलाने ओळींवरून दोनदा बोट फिरवले आणि म्हणाला, ‘बाई, उत्तर उताऱ्यात नाहीये.’

ही सवय आम्हीच लावली. कोण, कुठे, केव्हा असे प्रश्न. त्यातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचे. गोष्ट कळली नाही तरी पैकीच्या पैकी गुण!

मग मी विचारले, थाप कुणाची असेल? ‘चोराची,’ एक जण म्हणाला. शेजारची मुलगी लगेच म्हणाली, ‘चोर कशाला दार वाजवेल? आणि कुणी अनोळखी असता तर तिने “कोण आहे?” असं विचारलं असतं. तिने थाप ओळखली. तो अजून बाहेरच उभा असेल, म्हणून ती हलत नाहीये.’ मी म्हटले, ‘तो’ कशावरून? ती पुन्हा वाचू लागली. ‘ते मी मनानेच धरलं,’ म्हणाली. ओळींनी काय सुचवले आणि पदरचे काय घातले, हे तिचे तिने वेगळे केले. मला फार आनंद झाला.

शब्दार्थांच्या वहीत ‘निमूट = गप्प’ असे असते. मी ‘निमूट’च्या जागी ‘गप्प’ घालून वाक्य पुन्हा वाचले. त्यावर तीच म्हणाली, ‘गप्प म्हणजे नुसतं बोलत नाही. निमूट म्हणजे सोसतेय.’ आणि उत्तर उताऱ्यात नाही म्हणणाऱ्या त्या मुलाला ‘प्राणज्योत मालवली’ आठवले. ‘मालवला’ वाचताना म्हणूनच उदास वाटले, असे तो म्हणाला. समानार्थी शब्दांच्या यादीत ही उदासी कुठून सापडणार?

आपल्याकडे हा विचार नवा नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने 9व्या शतकात ध्वनीचा, म्हणजे थेट न सांगता सुचणाऱ्या अर्थाचा, सिद्धान्त मांडला. ‘सूर्य मावळला’ हे काव्यशास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण : गुराख्याला त्यातून गुरे परत न्यायची वेळ कळते, प्रियकराची वाट पाहणारीला भेटीची. शब्दाचा सरळ अर्थ देणारी अभिधा, तो जुळत नसेल तेव्हा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ देणारी लक्षणा आणि न सांगता सुचवणारी व्यंजना आपण वरच्या वर्गात व्याख्या म्हणून पाठ करून घेतो, पण गोष्ट वाचताना वापरायला शिकवत नाही.

माझी विनंती साधी आहे. प्रत्येक उताऱ्याखाली उत्तर थेट न लिहिलेला एक तरी प्रश्न असावा, आणि त्याला जोडून ‘कशावरून?’ असे विचारावे. एक गुण अंदाजाला, एक गुण तो ज्या शब्दावरून बांधला त्याला. नमुना उत्तरापेक्षा वेगळे, पण उताऱ्यातला आधार दाखवणारे उत्तर आले तर पूर्ण गुण द्यावेत. एका मुलीने पात्राच्या गप्प बसण्यात भीती नसून राग आहे असे लिहिले होते आणि त्या पात्राने मुठी आवळल्याचे वाक्य पुराव्याला दिले होते. नमुना उत्तरात ‘भीती’ होते, म्हणून मी तिला शून्य दिले. ती उत्तरपत्रिका मला अजून आठवते.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका