‘नक्की सांगता येत नाही’ असं लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन झालं की नातेवाईक पेढे घेऊन सर्जनकडे जातात. पॅथॉलॉजिस्टचं, म्हणजे पेशी तपासून निदान करणाऱ्या तुमच्यासारख्या डॉक्टरांचं, नाव रिपोर्टच्या तळाशी, सहीपुरतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आईच्या कानाच्या पाळीखालची गाठ दुखत नव्हती, त्यामुळे तिने ती बरीच वर्षं पदराआड ठेवली. सर्जननी एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं, सांगितल्यावर आमची मावशी ठणकावून म्हणाली, “सुई लागली की गाठ पसरते.” तुम्ही मावशीला हसला नाहीत. ही सुई रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते, तिने गाठ पसरणं अत्यंत दुर्मीळ, हे तिला दोनदा सांगितलंत. उलट इथे चिरून तुकडा काढणंच जोखमीचं, कारण चेहरा हलवणारी नस पॅरोटिड या कानाजवळच्या लाळग्रंथीच्या आतूनच जाते आणि गाठीचं कवच फाटलं तर पेशी आजूबाजूला सांडतात. मावशी गप्प झाली. आमच्या घरात हे क्वचितच घडतं.

सुईतल्या पेशी पसरलेल्या काही काचपट्ट्या तुम्ही हवेत वाळवल्यात, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवल्यात. एक तिथेच रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिलीत आणि पेशी पुरेशा नाहीत म्हणून गाठीच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा सुई घातलीत. आई कुरकुरली, पण तिला पुन्हा बोलावण्यापेक्षा ते बरंच झालं.

रिपोर्ट आला ‘मिलान, गट चार-बी’. मिलान ही लाळग्रंथीच्या सुई-तपासणीचे रिपोर्ट गटांत लिहायची पद्धत. चार-बी म्हणजे गाठ लाळग्रंथीचीच, पण साधी की कॅन्सरची हे या पेशींवरून ठरत नाही. भाऊ चिडला, “पैसे मोजून हेच ऐकायचं?” तुम्ही त्याला बोलावून काचपट्टी दाखवलीत. नेहमी सापडणाऱ्या प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा या साध्या गाठीत गिम्सा रंगाने गडद किरमिजी दिसणारा तंतुमय पदार्थ असतो आणि पेशी त्यात विरघळल्यासारख्या दिसतात. आईच्या नमुन्यात मात्र छोट्या, गडद केंद्रकाच्या पेशींचे घट्ट पुंजके होते. असे पुंजके निरुपद्रवी बेसल सेल ॲडिनोमात दिसतात, तसेच नसांच्या कडेने सरपटत जाणाऱ्या ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या कॅन्सरमध्येही दिसू शकतात. आणि बेसल सेल ॲडिनोमाचा कॅन्सर-भाऊ वेगळा ओळखायचा, तर गाठ कवच फोडून बाहेर घुसली आहे का ते पाहावं लागतं. “शितावरून भाताची परीक्षा होते,” तुम्ही म्हणालात, “पण भांडं गळतंय का, ते शित सांगत नाही.” भाऊ आता हे वाक्य स्वतःचं असल्यासारखं सांगत फिरतो!

तुम्ही ‘साधी गाठ’ लिहिलं असतंत तर आईने ऑपरेशन दिवाळीनंतर, मग लग्नसराईनंतर असं ढकललं असतं. ‘कॅन्सर’ लिहिलं असतंत तर आम्ही हाय खाल्ली असती. चार-बीमुळे सर्जननी नस जपत ग्रंथीचा वरचा भाग गाठीसकट काढला, फ्रोझन सेक्शनची, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासायची, तयारी ठेवली आणि मानेतल्या लसीका ग्रंथींना हात लावला नाही. पक्का रिपोर्ट बेसल सेल ॲडिनोमा, कवच शाबूत. कानाची पाळी अजून बधिर आहे, तोंड मात्र सरळ. आई शेजारणींना हसून दाखवते.

एक विनंती. मिलान पद्धतीचं पहिलं पुस्तक 2018 मध्ये आलं, दुसरी आवृत्ती 2023 मध्ये. जगभरच्या डॉक्टरांना आता एकमेकांचे रिपोर्ट कळतात, पण पेशंटच्या हातातला कागद इंग्रजीतच असतो. ‘चार-बी’च्या खाली मराठीत दोन ओळी छापता येतील का? मजकूर मी लिहून देते, तुम्ही तपासा. तुम्ही सांगितलंत तसे आईचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि काचपट्ट्या मागून घेतल्या आहेत; पुढच्या तपासणीला येताना त्या आणि मजकुराचा कागद, दोन्ही घेऊन येते.

आपली,
एका पेशंटची मुलगी