जयगडच्या त्या दादांना
मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने निघालो होतो. जयगडच्या खाडीत नांगर टाकला आणि संडासाचा हातपंप गळायला लागला. दांडा दाबला की घाण पाणी थेट पायावर. सोबत सत्तरीची आई. तिने तर पाणी पिणंच सोडलं.

मला बादल्या उपसताना पाहून शेजारच्या ट्रॉलरवरचे इंजिन सांभाळणारे दादा आपणहून आले. आधी बोटीच्या तळाचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, पंप उघडला, दांड्याभोवतीचं झिजलेलं सील काढून आपल्या डब्यातली मापाची रबरी रिंग बसवली. कोपरापर्यंत हात घाणीत, पण नाक मुरडलं नाही. शिवाय खालच्या फळ्याही स्वतःच धुतल्या! "आई, आता पोटभर पाणी प्या," म्हणाले.

पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. दादा, मनापासून आभार. आई रोज तुमची आठवण काढते.