पदकावर चौघांची नावे हवीत

सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ पदक काढावे, ही आपल्या अंकातील सूचना वाचली. पदक जरूर काढावे. पण त्यावर काय कोरणार, हे आधी ठरवा. आमच्या शोकेसमध्ये अशाच एका समारंभात मिळालेले पितळी स्मृतिचिन्ह आहे. प्रमुख पाहुणे आणि आयोजकांची नावे ठळक. हुतात्म्यांचे चित्र नखाएवढे, खाली नुसते 'चार हुतात्मे'. ते पुसताना दर वेळी मनात येते, की आपण आकडा जपला आणि माणसे विसरलो. रिक्षावाल्याला 'चार पुतळ्यांपाशी सोड' म्हणणाऱ्या किती जणांना चारही नावे सांगता येतील? (मलाही परवा एक आठवेना.) मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्याआधी मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला होता. पदकाच्या एका बाजूला ही नावे आणि दुसऱ्या बाजूला ही तारीख, एवढाच मजकूर असावा. आणि ते पाहुण्यांना नव्हे, शाळकरी मुलांना द्यावे.

– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर