मोठे पातेले घरीच राहू दे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा तू फोनवर तंबूच्या मुक्कामासाठी काढलेली सामानाची यादी वाचून दाखवलीस, तेव्हा मी "पत्र लिहून कळवते" एवढेच म्हणाले, कारण फोनवर आपला नक्की वाद झाला असता. त्या यादीत मोठे पातेले होते, परात होती, दोन किलो कांदे होते आणि तेलाची भरलेली बरणीही होती. गेल्या वेळी हेच सगळे आपण नेले होते. त्या मुक्कामातली तुझी जेवढी छायाचित्रे माझ्याकडे आहेत, त्या सगळ्यांत तू वाऱ्याकडे पाठ करून शेगडीपुढे बसलेली आहेस. आम्ही तळ्याकाठी जाऊन सूर्यास्त पाहून परत आलो, तरी तुझा कांदा चिरून व्हायचाच होता. म्हणून या वेळी माझा आग्रह असा आहे की सगळा स्वयंपाक घरच्या ओट्यावर व्हावा आणि तिथे गेल्यावर आपण फक्त पाणी उकळावे.

त्यासाठी अन्न शिजवून वाळवायचे. भात नेहमीपेक्षा किंचित मोकळा शिजवायचा, मसूर डाळ वेगळी शिजवून घट्ट आटवायची, गाजर, मटार आणि फरसबी बारीक चिरून दोन-तीन मिनिटे वाफवायची आणि हे सगळे ताटांत पातळ पसरून ओव्हनमध्ये साधारण ६० अंश सेल्सिअसवर, दार किंचित उघडे ठेवून, पूर्ण कोरडे होईपर्यंत ठेवायचे. याला सहा ते दहा तास लागतात, पण त्यातला आपला वेळ फार तर अर्धा तास जातो. गाजरात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असल्यामुळे किलोभर गाजरे वाळून दीडशे ग्रॅमच्या आत येतात आणि पेन्सिल तासताना निघणाऱ्या सालींसारखी दिसू लागतात. मटार ताटात खडखडला पाहिजे आणि गाजराचा तुकडा वाकता कामा नये, तर कडकन मोडला पाहिजे. गार झाल्यावर सगळे काचेच्या बरणीत भरून चार दिवस तसेच ठेव आणि रोज एकदा बरणी हलवून झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा. तिथे ओल लागली, तर ते परत ओव्हनमध्ये घालावे लागेल.

या मिश्रणाला फोडणी मात्र आधी द्यायची नाही, हे तुला पटायला जड जाईल. तेल वाळत नाही आणि वाळवलेल्या पदार्थात राहिले की काही दिवसांत खवट होते. मीठ, हळद, जिरेपूड आणि मिरपूड कोरडीच मिसळायची आणि तेल घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत वेगळे न्यायचे. उकळत्या पाण्यात मिश्रण घातल्यावर वरून दोन चमचे तेल सोडले, की चवही येते आणि थंडीत लागणारी ऊर्जाही मिळते, कारण एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच पिठूळ पदार्थातून सुमारे ४.

बाबा, आता तुमच्याविषयी. सकाळचा भात रात्री गरम करून खाण्याची तुमची सवय तिथे चालणार नाही. शिजलेल्या भातात तगून राहणारे जिवाणू उबेत वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष परत गरम केल्यानेही जात नाही. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असा साधा नियम आहे, आणि कडक उन्हात तर एका तासापेक्षा जास्त नाही. त्यामुळे एका वेळेला लागेल तेवढेच भिजवायचे. पहिल्या रात्रीपुरता आईने घरचा रस्सा दगडासारखा गोठवून बर्फाच्या डब्यात ठेवावा. तो वाटेत इतर वस्तूंना गार ठेवील आणि संध्याकाळी गरम करून संपवता येईल. न्याहारीला ओट्स, दूध पावडर, मनुका आणि तुमच्या दातांना सोसावी म्हणून भरड कुटलेली बदामपूड, असे प्रत्येकी एक पाकीट मी आधीच बांधून आणते. बाजारची तयार पाकिटे मी मुद्दाम टाळते आहे, कारण त्यांत मीठ फार असते आणि तुमच्या रक्तदाबासाठी ते आपल्या हातातच असलेले बरे.

मला हे शहाणपण चुकांतून आले आहे. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर सुमारे २४०० मीटर उंचीवर राहायला गेले होते आणि मोठ्या हौसेने रात्रभर भिजवलेले हरभरे नेले होते. सव्वा तास उकळूनही ते दाताखाली करकरत होते आणि शेवटी गॅसचा डबा संपला. आम्ही त्या रात्री बिस्किटे खाऊन झोपलो. दर ३०० मीटर चढले की पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. म्हणजे त्या जागी पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळत होते आणि ते कितीही खळखळले तरी त्याहून तापणार नव्हते, हे मला खाली आल्यावर सुचले. आपली या वेळची जागाही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. घरी शिजवून वाळवलेल्या डाळभाताला याची झळ बसत नाही, कारण त्याला फक्त पाणी प्यायचे असते. एक वाटी मिश्रणाला दीड वाटी उकळते पाणी घालायचे, झाकण लावायचे, भांडे जाड टॉवेलात गुंडाळायचे आणि पंधरा-वीस मिनिटे त्याला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात गॅसही बंद असतो आणि तूही मोकळी असतेस. झऱ्याचे पाणी प्यायचे असेल, तर त्या उंचीवर ते खळखळ उकळू लागल्यापासून तीन मिनिटे उकळावे.

पाऊस आला तरी शेगडी तंबूच्या आत न्यायची नाही. आगीची भीती तर आहेच, पण बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. रात्री खाण्याची सगळी पाकिटे गाडीत बंद करून ठेवू, म्हणजे वासावर कोणी प्राणी तंबूकडे येणार नाही. आणि वयानुसार तहान कमी जाणवते, म्हणून पाण्याची बाटली मी तुमच्या दोघांच्या हातात न विचारता देत जाईन, तेव्हा रागावू नका.

बाबा, तुम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक पाकीट वजन करून त्यावर दिवस आणि वेळ लिहून ठेवाल का? माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडे जिन्नस पुरतात. आई, तू या रविवारी थोडीशीच मसूर डाळ वाळवून पाहा आणि भिजवल्यावर कशी लागते ते मला कळव. मीठ कमी वाटले, तरी वाढवू नकोस. मोठे पातेले मात्र घरीच राहू दे. ते गाडीत दिसले, तर मी निघण्याआधी उतरवून ओट्याखाली ठेवून येईन.

तुमची,
लेक